बाबांची कुबड्यांवरची चाल कायनेक्टने तपासता येईल का?

सावईकरीण
आम्ही गोव्यातल्या सावईवेऱ्याचे. बाबा पावसात कुळागरातल्या, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेतल्या, चिऱ्याच्या पायरीवरून घसरले, उजव्या नडगीचं हाड मोडलं. रॉड घातलाय. त्या पायावर थोडाच भार द्यायचा, म्हणून काखेतल्या कुबड्या. फोंड्याला फिजिओकडे न्यायचं तर दर वेळी गाडी ठरवा, त्यांना दोघांनी धरून बसवा. महिन्यातून दोनदाच जमतं. भाच्याच्या एक्सबॉक्स वन या व्हिडिओ गेमच्या यंत्राचा कायनेक्ट, म्हणजे अंगाची हालचाल टिपणारा कॅमेरा, पडून होता, तो भावाने लॅपटॉपला जोडला. बाबा पडवीत चालतात आणि पडद्यावर त्यांचा काड्यांचा सांगाडा चालतो. अंगाला काही चिकटवायचं नाही, म्हणून तेही कुरकुरत नाहीत. पण मध्येच सांगाड्याचा हात लांब होऊन जमिनीला टेकतो. मग यातलं खरं काय धरू? दोन दिवस उजव्या हाताच्या पाठीला मुंग्या येतात म्हणतात, त्याने जास्तच घोर लागलाय.

सेन्सरवाला, वेर्णा
ताई, तो कायनेक्ट डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, तो परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढतो आणि त्या चित्रातून 25 सांधे ओळखतो, सेकंदाला साधारण 30 वेळा. त्याला माणसाचं शरीर ठाऊक आहे, कुबडी नाही. अंगालगतची काठी त्याला हातच वाटते. पडवीत ऊन येत असेल तर संध्याकाळी घ्या, उन्हातल्या इन्फ्रारेडने तो गडबडतो. कंबरेच्या उंचीवर ठेवा आणि बाबांना चार मीटरवरून सरळ त्याच्याकडे चालू द्या. बाजूने घेतलं तर पलीकडचा पाय झाकला जातो.

फिजिओ, म्हापसा
आधी मुंग्यांचं बघा, कॅमेरा नंतर. काखेत कुबडी दाबली की हाताची नस दाबली जाते. काख आणि कुबडीची वरची गादी यांत दोन-तीन बोटांची फट हवी, भार तळव्यांवर, कोपर 20 ते 30 अंश वाकलेलं. आजच डॉक्टरांना फोन करा. मनगट उचलता येत नसेल तर थांबूच नका.
पडद्यावर खांद्यांची रेघ आणि धडाचा कल बघा, पावलांमधला वेळही. घोट्याचे आकडे सोडून द्या. पायावर किती भार पडतो हे कॅमेऱ्याला दिसतच नाही. त्यासाठी वजनकाट्यावर पाय टेकवून अंदाज घ्यायला शिकवतात, पण मर्यादा डॉक्टरांनीच सांगायची.

सावईकरीण
डॉक्टरांशी बोलले. मनगट उचलतंय, उद्या दाखवायला बोलावलंय. काल संध्याकाळी समोरून घेतलं. उजवा खांदा प्रत्येक पावलाला वर! भावाने कुबड्या शेजारी उभ्या केल्या, तर उजवीचं उंचीचं बटण एका भोकाने लांब. महिनाभर आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, फार वाईट वाटलं. आता फट ठेवून बसवलीय, रेघ बरीच सरळ आहे.
एक विचारायचं राहिलं. सुपारी बघायला कुळागरात उतरू द्या म्हणून बाबा सकाळपासून मागे लागलेत. तीनच पायऱ्या आहेत.

फिजिओ, म्हापसा
शेवाळ असेपर्यंत नको. आधी घरातल्या कोरड्या पायरीवर, कुणीतरी शेजारी उभं राहून. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. कुबड्यांची खालची रबरं झिजली असतील तर फोंड्याहून येताना नवी आणा.