टी-३४/८५ : वॉशचे डाग पडतायत, आणि पावडर नेमकी कधी लावायची?

रणगाडा३५ :
मंडळी, टी-३४/८५ या दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत रणगाड्याचं १/३५ मापाचं मॉडेल रंगवून झालंय. ॲक्रिलिकचा हिरवा, त्यावर डिकल्स (चिकटवायची चिन्हं-आकडे) आणि वरून मॅट, म्हणजे बिनचकाकीचं वार्निश. आता इनॅमलचा गडद तपकिरी वॉश (फटी-रेषा उठून दिसाव्यात म्हणून लावायचा पातळ रंग) मारायला घेतला तर टरेटवर, म्हणजे वरच्या तोफेच्या बुरुजावर, जिथे जिथे ब्रश टेकला तिथे गडद कडांचे गोल डाग उठलेत, वेल्डच्या रेषेत जायचं सोडून सगळा रंग आजूबाजूलाच पसरतोय. पातळ केला तर डाग फिका होतो पण आणखी मोठा होतो. दुसरा प्रश्न पिग्मेंट पावडरचा (धूळ-चिखल दाखवायची कोरडी रंगपूड), कुणी म्हणतं वरून वार्निश मारा नाहीतर हाताला लागून निघून जाईल, कुणी म्हणतं अजिबात मारू नका. आणि गंज किती दाखवू? मला १९४५ च्या वसंतातला, लढाईत असलेला रणगाडा करायचाय, भंगारातला नाही.

सुरवंट :
डाग मॅट वार्निशमुळे पडतायत. मॅट थर जवळून बघितला तर खडबडीत असतो, वॉश टेकला की तिथल्या तिथे शोषला जातो आणि थिनर उडताना रंग कडेला गोळा होतो. ग्लॉस, म्हणजे चकचकीत वार्निशच्या थरावर तोच वॉश रेषेला नुसतं टोक लावलं तरी आपोआप पुढे पळत जातो. त्यामुळे आधी ते डाग व्हाइट स्पिरिटमध्ये जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने काढा, इनॅमल सुटेल, खालचं ॲक्रिलिक टिकेल. मग ग्लॉस मारून एक दिवस पूर्ण वाळू द्या आणि वॉश फक्त रेषा, बोल्ट, हॅचच्या फटी एवढ्यातच सोडा, पूर्ण गाडीवर फासायचा नाही. वीसेक मिनिटांनी जास्तीचा पुसताना उभ्या बाजूंवर ब्रश वरून खाली ओढा म्हणजे जे थोडं राहतं ते पावसाच्या ओघळासारखं दिसतं, आडवा फिरवलात तर ते बरोबर वाटत नाही. वॉश नीट वाळला की मग मॅट.

ग्रीसहात :
पावडर सगळ्यात शेवटी, मॅटच्या वर, आणि तिच्यावर वार्निश नको!! वार्निशच्या फवाऱ्याने अर्धी धूळ उडते आणि उरलेली गडद होऊन गायब झाल्यासारखी दिसते, जो कोरडा पिठूळपणा हवा असतो तोच जातो. कोरडी पावडर ब्रशने कोपऱ्यांत ठेवायची, मग फिक्सर (पावडर धरून ठेवणारा द्रव) किंवा व्हाइट स्पिरिटचा भरलेला ब्रश बाजूला टेकवायचा, पावडरीवर नाही, द्रव आपोआप आत ओढला जातो आणि पावडर जागची हलत नाही. ओलं असताना रंग फार गडद दिसतो, घाबरून वर आणखी टाकू नका, वाळल्यावर बराच उजळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पण बसते पण तुमचा बेस ॲक्रिलिक आहे, तो सुटून यायची भीती आहे म्हणून मी नाही सुचवणार. फिक्स केलं तरी बोटाने घासलं तर निघणारच, मॉडेल खालून धरायची सवय लावा. आणि मास्क घाला, ही पावडर फार बारीक असते.

चिखलवाट :
गंजाबद्दल. टी-३४/८५ चं उत्पादनच १९४४ च्या सुरुवातीला सुरू झालं, म्हणजे तुमचा रणगाडा फार तर सव्वा वर्षाचा. हलच्या (टरेटखालच्या मुख्य धडाच्या) बाजूंना ४५ मिमी जाड पोलाद, त्यावर गंजाचे जाडजूड ओघळ मला पटत नाहीत. गंज दाखवायचाच तर मागच्या दोन एक्झॉस्ट पाइपांवर आणि हलवर लटकवलेल्या सुट्या ट्रॅक लिंकवर (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्याच्या कड्यांवर) दाखवा, कारण त्यांना रंगच नसतो. ओरखडे पण जपून, १/३५ मध्ये १ मिमी म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटर, एवढी खपली प्रत्येक कडेला उडालेली नसते.
त्यापेक्षा ट्रॅककडे लक्ष द्या हो, तिथे खरी मजा आहे. टी-३४ ला एक सोडून एका लिंकवर उंच शिंग असतं जे चाकाच्या दोन चकत्यांच्या मधून जातं, त्याच्या दोन्ही बाजू घासून चकचकीत होतात. चिखलाची पावडर फिक्स झाली की तिथे आणि जमिनीला टेकणाऱ्या उंच भागांवर मऊ ग्रॅफाइट पेन्सिल घासा, एकदम लोखंड दिसायला लागतं.

सुरवंट :
गंजाचं थोडं वेगळं मत. ट्रॅकवरचे पातळ पत्र्याचे फेंडर वाकतात, रंग उडतो आणि तिथे पावसात गंज लगेच धरतो, त्याला वर्ष लागत नाही. तेव्हा फेंडरच्या कडांवर हात अगदी आखडता घ्यायची गरज नाही.

चिखलवाट :
फेंडरचं मान्य. हलवर मात्र नको.

रणगाडा३५ :
खूप आभार, एका बाजूचे डाग आत्ताच काढून बघितले, निघतायत आणि खालचा हिरवा शाबूत आहे. एकच राहिलं, बाजूच्या इंधनाच्या पिंपांवर डिझेल सांडल्याचे डाग धुळीच्या आधी की नंतर?

ग्रीसहात :
दोन्ही. जुने डाग धुळीच्या आधी, फिके आणि मॅट, म्हणजे धूळ त्यांच्यावर बसल्यासारखी वाटेल. ताजे सगळ्यात शेवटी, गडद तपकिरी इनॅमलमध्ये थोडं ग्लॉस वार्निश मिसळून झाकणापासून खाली एक-दोनच ओघळ. सगळ्या पिंपांवर सारखे नको, ज्यातून इंधन काढलं असेल त्याच एकावर.