लॅपटॉप जुनंच वायफाय धरून बसतो, तेव्हा तुम्ही काय करता?

मंडळी, गेल्या सोमवारी माझं पीएचडीचं सहामाही सादरीकरण होतं. सकाळभर लायब्ररीत बसले, मग लॅपटॉप तसाच उघडा हातात घेऊन सेमिनार हॉलमध्ये गेले. स्लाइड ड्राइव्हवर, आणि ड्राइव्ह काही उघडेना. डोक्यावर छताला वायफायचा डबा हिरवा लुकलुकतोय, आणि माझ्या पडद्यावर वायफायची जेमतेम एक रेघ! सर घड्याळाकडे बघायला लागले. शेवटी एका ज्युनिअरने येऊन वायफाय बंद करून परत चालू केलं. झालं सुरू.

नंतर त्याने सांगितलं ते मला नवीन होतं. कॅम्पसवरच्या सगळ्या डब्यांना नाव एकच असलं, तरी त्यातला कुठला धरायचा आणि कधी सोडायचा हे मुख्यतः लॅपटॉप ठरवतो. माझा लायब्ररीतल्या डब्याला धरून बसला होता, दावं तुटेपर्यंत खुंटा न सोडणाऱ्या म्हशीसारखा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरात वायफाय कार्डाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबखाली ‘रोमिंग अग्रेसिव्हनेस’ असतं, म्हणजे कमजोर डबा सोडून दुसरा किती लवकर शोधायचा ते; निदान इंटेलच्या कार्डांना तरी. पाच पायऱ्या, कंपनीकडून मधली लावलेली येते. मी चौथी केली. पाचवीही करून पाहिली, पण मग तो एका जागी बसूनही डबे बदलत राहिला.

तुमच्याकडे असं काय काय झालंय? गोव्यातल्या कुठल्याही कॅम्पसचं चालेल. फक्त संस्थेचं नाव नको, उगाच कुणाला बोल लावायचा नाहीये.

साखळीहून, एमएस्सी दुसरं वर्ष
माझं उलट. कदंबाच्या बसमध्ये असाइनमेंट पुरी करायला मोबाईलचा हॉटस्पॉट लावते. एकदा कॅम्पसवर पोचल्यावर तो बंद करायला विसरले. लॅपटॉप वर्गातलं वायफाय सोडून माझ्याच मोबाईलला चिकटलेला, आणि नेमकं विंडोजचं अपडेट सुरू झालं. दिवसाचा दीड जीबी दहा वाजायच्या आत संपला. आता हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवलंय, म्हणजे मोठी अपडेट्स त्यावर सहसा उतरत नाहीत. आणि ‘आपोआप जोडा’ची खूणही काढलीय.

होस्टेलवरून
आमची इमारत जुनी, चिऱ्याच्या जाड भिंतींची. डबा पॅसेजमध्ये. दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी. हे मोबाईलचं ५जी नव्हे बरं, ५ गिगाहर्ट्झ, वायफायची एक लहरपट्टी. नावाला भुलून वर्षभर तेच धरलं. खोलीचं दार उघडं असलं की झकास, लावलं की गायब. भिंत ओलांडायला दुसरं, २.४ गिगाहर्ट्झवालं बरं. पण ते सगळ्यांचंच. त्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांच्या पायात न येणारे, त्यामुळे रात्री जेवणानंतर तिथे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार भरतो. मी अभ्यास २.४ वर करतो, मॅच पॅसेजमध्ये उभा राहून ५ वर.

पेडण्याहून
पाहुण्यांचं नेटवर्क जोडलं पण लॉगिनचं पान येत नसेल, तर आधी व्हीपीएन बंद करा. तरी नाही आलं, तर एस नसलेला नुसता एचटीटीपीवाला एखादा पत्ता टाका. बस.

फोंड्याहून, शिकवतो
एडुरोमबद्दल, म्हणजे विद्यापीठांच्या सामायिक वायफायबद्दल लिहितो. २००२-०३च्या सुमारास युरोपात सुरू झालेली ही सोय, भारतात अर्नेट या सरकारी शिक्षण-संशोधन नेटवर्कमार्फत चालते. आपल्या संस्थेचं खातं दुसऱ्या संस्थेतही चालतं. मी इथे तीन वर्षं नुसतं युजरनेम टाकून वापरत होतो. परदेशी परिषदेला गेलो तर तेच नाव, तोच पासवर्ड, पण जोडणी नाही. कारण साधं होतं: नावापुढे ॲट आणि संस्थेचा पत्ता नव्हता. पासवर्ड तपासणार आपल्या घरचा सर्व्हर, आणि तो कुठला हे तिथल्या यंत्रणेला त्या शेपटीवरूनच कळतं. घरी शेपटीवाचून भागलं, म्हणून कधी लक्षातच आलं नाही. जाण्याआधी इथेच पूर्ण नावाने जोडून बघा. आणि सर्टिफिकेटचा, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राचा, इशारा आला की डोळे मिटून ‘हो’ म्हणू नका. त्याच नावाचं नेटवर्क कुणीही उभं करू शकतो.

लॅबमध्ये काम करतो
चवथीची सुट्टी संपली की माझ्या टेबलासमोर रांग. “कितें जालें?” विचारलं की उत्तर ठरलेलं, “सर, पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही.” सुट्टीत पासवर्ड बदललेला असतो, पण बॅगेतला फोन जुनाच पाठवत राहतो. पाच-सहा वेळा चुकला की खातंच अडकतं, मग लॅपटॉपचं कोण ऐकणार? आधी सगळ्या उपकरणांवर ते नेटवर्क ‘फरगेट’ करायचं, मग एकेक जोडायचं. एका मुलाचं तरीही होईना. शेवटी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे नजर गेली: साल २००९! आतली छोटी बॅटरी मेलेली. त्या तारखेला सर्व्हरचं सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नव्हतं. तारीख दुरुस्त केली, लागलं.

डिचोलीहून, लिनक्सवाला
नेटवर्कमॅनेजरमध्ये प्रत्येक जोडणीला प्राधान्याचा आकडा देता येतो, मोठा आकडा आधी. मी कॅम्पसला १०, हॉटस्पॉटला उणे ५ दिलाय. आणि तरीही बॅगेत तीन मीटरची लॅन केबल असतेच. हसा खुशाल. गेल्या व्हायव्हाला मागून नेलेली अजून परत आलेली नाही. कुणाकडे निळी केबल असेल तर सांगा.