मदत हवी आहे: 1991 ची फियाट रोज ठाणे–घणसोली चालवू, की नवी गाडी घेऊ?

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे बाबांची 1991 ची प्रीमियर पद्मिनी आहे. कागदावर पद्मिनी, घरात फियाटच. स्टिअरिंगला गियर, पुढे सलग सीट, दारात ती छोटी त्रिकोणी काच. इंजिन 1089 सीसी, कार्ब्युरेटरचं. घेतल्यापासून एकहाती. मी गाडी शिकले तीही हिच्यावरच, पहाटे तलावपाळीला चकरा मारत. बाबा रिटायर झाल्यापासून ती आठवड्यातून दोनदा निघते: एकदा भाजीला, एकदा उगाच.

आता माझं ऑफिस आठवड्याचे पाचही दिवस सुरू झालंय. पाचपाखाडीहून निघायचं, कळवा पूल, विटावा, ऐरोलीत साडेतीन वर्षांच्या लेकीला पाळणाघरात सोडायचं आणि पुढे घणसोली. एका बाजूला 13 किलोमीटर. (लोकल का नाही, हे कोणी विचारण्याआधीच सांगते. सव्वानऊच्या ठाणे–वाशी गाडीत एका हातात लेक आणि दुसऱ्या हातात लॅपटॉप घेऊन मी आठवडाभर चढून पाहिलंय. ऐरोलीला उतरून पुन्हा चढायचंही असतं. नको.)

नवरा म्हणतो नवी गाडी घे. बाबा म्हणतात, घरात चालती गाडी असताना कर्ज कशाला? म्हणून ऑक्टोबरात तीन आठवडे रोज फियाट काढली, म्हटलं होऊन जाऊ दे.

सकाळी तक्रार नाही. चोक ओढला, दोन मिनिटं थांबलं, की घड्याळासारखी चालते. खांब बारीक असल्यामुळे चौफेर स्वच्छ दिसतं. मैत्रिणीच्या नव्या गाडीत वळताना पुढच्या खांबाआड अख्खी रिक्षा लपते, तसं इथे होत नाही. गोची संध्याकाळी. विटाव्याच्या सबवेच्या अलीकडे रांग लागली की तापमानाचा काटा चढायला लागतो. क्लच दाबून दाबून डावी पोटरी भरून येते. तिसऱ्या दिवशी गाडी आचके देत बंदच पडली. बाबांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "बोनेटखालच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाक आणि दहा मिनिटं गप उभी राहा." डिकीत फडकं सापडलं, पाणी कुठून आणणार? लेकीची कार्टूनवाली बाटली फडक्यावर ओतली. मागे हॉर्नचा कल्लोळ, लेक म्हणतेय "माझं पाणी!" दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. त्या तीन आठवड्यांत हे चार वेळा झालं.

घाई अशासाठी की आरसी येत्या मार्चमध्ये संपतेय. 20 वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये झालीय. मार्च 2022 पर्यंत हेच काम 600 रुपयांत व्हायचं. त्याशिवाय पर्यावरण कर आणि फिटनेससाठी लागणारी डागडुजी. एवढा खर्च करून ती रोज वापरायची, की खर्च करायचाच तर नव्या गाडीवर?

"जुनं ते सोनं" आणि "भंगारात घाला" या दोन्ही प्रकारचे सल्ले घरात भरपूर मिळालेत. जुनी गाडी रोज चालवणाऱ्यांनी किंवा चालवून सोडलेल्यांनी सांगावं.

रबाळे_नाका
आधी आकडे. रोज 26 किमी, महिन्याला 22 दिवस, म्हणजे 572 किमी. फियाट अशा गर्दीत किती देते?

धागाकर्ती
बाबांची वही आहे. 1991 पासून प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर, रक्कम. टाकी ते टाकी. ऑक्टोबरचं सरासरी लिटरला 9.5 किमी. (वहीत मध्येच "आज धाकटीला ताप" अशाही नोंदी आहेत. धाकटी म्हणजे मी.)

रबाळे_नाका
तर महिन्याला 60 लिटर, साधारण सव्वासहा हजार. नवी पेट्रोल गाडी तुमच्या रस्त्याला 16 दिली तरी 3,700. म्हणजे वाचले अडीच हजार. सीएनजी घेतली तर चारेक हजार वाचतील. साडेसहा लाखांचं कर्ज 5 वर्षांसाठी 9 टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साडेतेरा हजार. मायलेजच्या नावावर नवी गाडी घेत असाल तर नका घेऊ, तो हिशेब जुळत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आलाय, तरी नाही जुळत.

विम्यात गंमत बघा. तुमचं इंजिन 1089 सीसी, हजाराच्या 89 वर. त्यामुळे थर्ड पार्टीचा हप्ता 2,094 ऐवजी 3,416, वर जीएसटी असेल तो.

चोक_ओढा
ताई, माझी 1986 ची फियाट आहे, आठ वर्षं रोज वाशीला नेली. तुम्हाला जे झालं तो व्हेपर लॉक. पेट्रोल पंप इंजिनला चिकटलेला असतो. गाडी रांगेत उभी राहिली की वारा लागत नाही, पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि वाफ काही ओढली जात नाही. इंजिनपासून लांब, टाकीजवळ, इलेक्ट्रिक पंप बसवा आणि रेडिएटर उघडून साफ करून घ्या. नुसता फ्लश नको, कोअर बघायला सांगा. फडक्याची गरज राहणार नाही.

दुसरं, सीबी पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे जुने संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाका. पॉइंटला कानशी मारत बसण्याचे दिवस गेले. पावसात डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये ओल शिरून गाडी कुथते, तेही कमी होईल.

तिसरं जरा गंभीर आहे. पंपावर आता ई20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल. तुमच्या गाडीतलं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. होज, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गॅस्केटं फुगतात, मग चिरतात. इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर काय होईल ते सांगायला नको. सगळ्या होज इथेनॉल चालणाऱ्या घाला आणि दर दोन महिन्यांनी हाताने दाबून बघा. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकद कमी असते. नव्या गाडीचा सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो, कार्ब्युरेटरला कुठलं कळायला? मिश्रण पातळ होतं आणि इंजिन आणखी तापतं. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा टाकून बघा. तुमचा काटा चढतोय त्यात याचाही हात असणार.

हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) कधी उघडलंय का? शिसं असलेलं पेट्रोल 2000 साली बंद झालं. जुन्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला त्या शिशाचाच आधार होता. कडक सीट बसवल्या नसतील तर टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्हजवळची फट) पुन्हा पुन्हा कमी झालेलं दिसेल.

धागाकर्ती
चोक_ओढा, बाबांना वाचून दाखवलं. हेड 2004 ला झालंय, सीट बदललेल्या आहेत, वहीत पान सापडलं. जेटचं ऐकून ते एकदम उठून खालीच गेले.

पामबीच_पहाटे
एवढा खर्च करण्यापेक्षा व्हिंटेज म्हणून नोंदवून टाका ना. ती वेगळी व्हीए नंबर प्लेट मिळते, दहा वर्षं बघायला नको.

चोक_ओढा
व्हीए मालिका 50 वर्षांपुढच्या गाड्यांना. 1991 ची गाडी तिथे 2041 ला पोहोचेल. आणि ती प्लेट लागली की रोज ऑफिसला नेताच येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढंच. उलट ज्यांना "15 वर्षं झाली की गाडी जप्त" असं वाटतं त्यांच्यासाठी: ती भानगड दिल्ली परिसरातली. आपल्याकडे फिटनेस पास करा, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करा, पीयूसी ठेवा, चालवा.

खारीगावकर
रस्ता बदलून बघा. कळव्याला 2022 मध्ये तिसरा पूल झाला तरी विटाव्याचं घोडं तिथेच अडतं, मी रोज बघतो. तुम्ही हायवेने मुलुंडला उतरून ऐरोली पुलावरून जा. लांब पडेल, पण गाडी चालती राहील, तापणार नाही. ऑक्टोबर 2024 पासून लहान गाड्यांना टोलही नाही. पावसाळ्यात तर विटाव्याच्या सबवेत शिरूच नका. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, भिजले की पेडल दाबून काही होत नाही, पुढची शंभर पावलं देवाचं नाव.

बाकी गाडी सोडू नका. तेव्हाचा पत्रा म्हणजे पत्रा. आजच्या गाडीला कोपर लागलं तरी खड्डा पडतो. लेकीसाठी फियाटच सुरक्षित.

मोजमाप
खारीगावकर, रस्त्याबद्दल शंभर टक्के सहमत, पत्र्याबद्दल अजिबात नाही. 2009 मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या विम्याशी संबंधित संस्थेने 1959 ची शेवरोले बेल एअर आणि 2009 ची शेवरोले मालिबू समोरासमोर आदळवली होती. व्हिडिओ बघा. जुनी गाडी अवाढव्य, जाड पत्र्याची, पण चालकाची जागाच चेंगरून गेली. नवीचं नाक चुरा झालं आणि आतली जागा शाबूत राहिली. नाक चुरा होणं हेच तिचं काम आहे, धक्का तिथे खर्ची पडतो. जो पत्रा चुरगळत नाही तो धक्का आतल्या माणसाकडे पोचवतो.

ताई, इतका वेळ सगळे इंजिनाबद्दल बोलतायत. लेक कुठे बसते?

धागाकर्ती
मागे. पट्टे नाहीत. पुढचे दोन बाबांनी नंतर बसवून घेतले, मागे कधी बसवलेच नाहीत. आम्ही दोघी बहिणी तशाच वाढलो, असं म्हणणार होते, पण लिहिताना ते बरोबर वाटेना.

मोजमाप
पुढच्या सीटला पट्टे सक्तीचे झाले तेच 1994 ला, तुमची गाडी त्याआधीची. मुलांची सीट बांधायला आयसोफिक्सचे हूक लागतात किंवा निदान तीन टोकांचा पट्टा. तुमच्याकडे दोन्ही नाही. 14 वर्षांखालचं मूल न बांधता नेलं तर 1,000 रुपये दंड आहे, पण तो सोडा. रोज दोनदा, ट्रेलर-टँकरच्या ठाणे–बेलापूर रस्त्याने, साडेतीन वर्षांचं मूल मोकळं. एबीएस नाही, एअरबॅग नाही. जेट आणि होज बदलून हे बदलत नाही.

पामबीच_पहाटे
मागे पट्टे वेल्ड करून घ्या की.

चोक_ओढा
नका. पातळ पत्र्यावर बोल्ट मारलेला पट्टा जोराच्या झटक्याला बोल्टसकट उपटून येतो. आतून जाड प्लेट टाकून, खांबाला नीट पकड देऊन करणारा माणूस लागतो. मी माझ्या गाडीत केलं, पण त्यात मी आणि बायको बसतो. मुलाच्या सीटचा भरवसा मी त्यावर ठेवणार नाही. मोजमाप म्हणतायत ते बरोबर आहे. फियाटवर माझा जीव आहे, तरी सांगतो.

रबाळे_नाका
मग हप्त्याचा हिशेब मी मागे घेतो, म्हणजे बदलतो. कोरी गाडीच हवी असं कुठे आहे? चार-साडेचार लाखांत 2022 किंवा पुढची वापरलेली बघा. एबीएस एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांत आहे, पुढच्या दोन एअरबॅग 2022 पासून. मागे आयसोफिक्स आहे का, हे जाहिरातीवर जाऊ नका, सीटच्या फटीत हात घालून बघा. आणि ऑटोमॅटिकच घ्या, तुमच्या पोटरीसाठी.

धागाकर्ती: अपडेट
सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

मोजमाप यांचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला नव्हता, हिंमत झाली नाही. त्यांनी स्वतःच फोनवर वाचला, बेल एअरचा व्हिडिओही पाहिला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून मुलांची सीट मागून आणली आणि खाली फियाटमध्ये बसवायला गेले. मी वरून गॅलरीतून बघत होते. आधी नुसती ठेवली, मग सुतळीने बांधली, मग हाताने हिसका दिला. सीट पुढे येऊन आपटली. पुन्हा बांधली, पुन्हा हिसका दिला. मग सुतळी सोडून, व्यवस्थित गुंडाळून, डिकीत ठेवली आणि वर आले. म्हणाले, "ऑटोमॅटिक बघ."

2022 ची छोटी ऑटोमॅटिक ठरवलीय, पुढच्या आठवड्यात ताब्यात येईल. आयसोफिक्स हात घालून पाहिलं. तिची चाचणी घेताना डावा पाय चार वेळा नसलेला क्लच शोधत होता, आणि गियरसाठी हात स्टिअरिंगकडे जात होता. खांबाआड रिक्षा लपते ती लपतेच, मान पुढे काढून बघायची सवय लावावी लागेल.

फियाट जात नाहीये. मार्चमध्ये नूतनीकरण करणार, 10,000 बाबा त्यांच्या पेन्शनमधून देणार म्हणतात, वाद घालून उपयोग नाही. होज सगळ्या बदलल्या, मेन जेट एक नंबर मोठा टाकला, काटा आता निम्म्यावर थांबतो. इलेक्ट्रिक पंपाला मात्र बाबांनी साफ नकार दिला, "फडकं आहे ना."

आता नवा प्रश्न, आणि हा खरंच अडलाय. सोसायटीत आम्हाला एकच पार्किंग आहे. पाचपाखाडी, नौपाडा किंवा चरई भागात महिना भाड्याने छपराखालची जागा कुणाला माहीत आहे का? खारीगाव, कळव्याला स्वस्त मिळतेय, पण बाबांना ती चालणार नाही. त्यांना सकाळी दूध आणायला जाताना बोनेट उघडून बघायचं असतं.