अपील केलं की हरलेल्याला स्टे, मग जिंकलेल्याने करायचं काय?

कुर्लेकर
बाबांचं कुर्ल्याला ग्रिल-शटरचं वर्कशॉप आहे. एका बिल्डरने १२ लाखांचं काम करून घेतलं आणि पैसे बुडवले, सिटी सिव्हिल कोर्टात आठ वर्षं हेलपाटे मारले तेव्हा कुठे हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा आदेश, आमच्या बाजूने झाला. वसुलीसाठी दरखास्त लावली, जप्ती करणाऱ्या कोर्टाच्या बेलिफला घेऊन बिल्डरच्या ऑफिसात गेलो, तो एसी-कॉम्प्युटरची यादी लिहायला बसला आणि तेवढ्यात त्यांचा वकील अपिलात मिळालेला हायकोर्टाचा स्टे, म्हणजे वसुलीला स्थगिती, घेऊन आला. बेलिफने पेनाला टोपण लावलं आणि उठला. बाबा तिथल्या खुर्चीत तसेच बसून राहिले. बिल्डरला फक्त ४ लाख भरायला सांगितलेत, तेही कोर्टात पडून आहेत. माझं म्हणणं एवढंच, पूर्ण रक्कम व्याजासकट भरल्याशिवाय स्टे देऊच नये आणि त्यातली निम्मी जिंकलेल्याला लगेच काढू द्यावी.

गिरगाव_चाळ३
वाचून वाईट वाटलं, पण हे अजिबात पटत नाही. खालचं कोर्ट चुकत नाही का? माझ्या मामाचं समन्स जुन्या चाळीच्या पत्त्यावर गेलं, चाळ रिडेव्हलपमेंटला पाडलेली, मामा भाड्याने डोंबिवलीला, आणि इकडे १८ लाखांचा एकतर्फी निकाल लागला सुद्धा. तेव्हा पूर्ण भर म्हणाले असते तर दुकान विकावं लागलं असतं, आणि नंतर अपिलात तोच निकाल रद्द झाला. बिल्डरला १२ लाख म्हणजे काहीच नाहीत, तुमचा नियम आमच्यासारख्यांच्या गळ्याला फास आहे.

फोर्टचा वकील
नुसतं अपील दाखल केलं म्हणून स्टे मिळत नाही हो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४१ रूल ५ प्रमाणे मोठं नुकसान होईल, अर्जाला उशीर केलेला नाही आणि सिक्युरिटी म्हणजे तारण देतो, हे तिन्ही दाखवावं लागतं. पैशाच्या हुकूमनाम्यात रक्कम भरा किंवा सिक्युरिटी द्या असं त्याच ऑर्डरचा रूल १ सांगतो, पण प्रत्यक्षात किती हे कोर्ट ठरवतं आणि घोडं तिथेच अडतं. काही कायद्यांत आकडाच दिलाय. मोटार अपघाताच्या अपिलात २५ हजार किंवा भरपाईच्या निम्मे, जे कमी असेल ते. लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर ७५ टक्के आधी भरा.

कुर्लेकर
मग तेच म्हणतोय ना! कौन्सिलकडून आलेल्याला ७५ टक्क्यांचं संरक्षण आणि सिटी सिव्हिलमधून आलेल्याने थांबायचं, असं का? आम्हाला निकालानंतर ६ टक्के व्याज लावून दिलंय, वर्कशॉप चालू ठेवायला बाबांनी काढलेलं कर्ज ११ टक्क्यांचं. अपील जितकं लांबेल तितका फायदा बिल्डरचा.

गिरगाव_चाळ३
व्याजाचं मान्य, ते वाढवा. पण पैसे काढून खर्च झाले आणि निकाल फिरला तर? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली परत मागता येतात म्हणे, पण समोरच्याकडे उरलंच नसेल तर कागद घेऊन काय करू? त्यापेक्षा अपील वर्षभरात संपवा म्हणून का नाही भांडत?

फोर्टचा वकील
मुदतीचा प्रयोग झालाय. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने स्टे सहा महिन्यांत आपोआप संपेल असं ठरवलं होतं, २०२४ च्या फेब्रुवारीत पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते रद्द केलं. कारणही बरोबर होतं, सुनावणी लागली नाही यात पक्षकाराचा दोष काय? कुर्लेकर, जमा झालेले ४ लाख काढायला अर्ज टाका. बँक गॅरंटी किंवा निकाल फिरला तर परत भरीन अशी हमी घेऊन कोर्ट परवानगी देतं. आणि रक्कम कमी वाटते तर स्टेच्या अटी बदलून मागा, गप्प बसलात तर तेच चालू राहणार.

गिरगाव_चाळ३
गॅरंटी देऊन काढत असाल तर माझा विरोध नाही. पूर्ण रकमेच्या सक्तीला मात्र आहेच.

कुर्लेकर
आणि मी त्यावर ठाम आहे. निदान ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून तरी पूर्ण घ्या, तुमच्या मामांना नका सांगू. आज संध्याकाळीच वकिलांना फोन करतो, अर्जात बाबांचं वय ७१ आणि कर्जाचे हप्ते दोन्ही लिहायला सांगतो.