मदत हवी आहे : दम्याच्या बेनरालिझुमॅब इंजेक्शनचा कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातले. मोठ्या भावाला जुना दमा. तुरीचं कुटार उडालं की छातीत शिट्टी सुरू. यंदा थ्रेशरपाशी ओठच निळे पडले, मोटरसायकलवर मधात बसवून अमरावतीला नेलं. पंप नेमानं घेतो, तरी स्टेरॉइडच्या गोळ्या सुटत नाहीत. आता साखरही वाढली.

रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, म्हणून डॉक्टरांनी बेनरालिझुमॅब सुचवलं. मला समजलं ते असं: या पेशींच्या अंगावर इंटरल्यूकिन-5 चा (पेशींना निरोप देणाऱ्या एका प्रथिनाचा) रिसेप्टर, म्हणजे तो निरोप घेणारी जागा असते. औषध तिथंच चिकटतं, मग शरीरातल्याच मारक पेशी येऊन इओसिनोफिलचा निकाल लावतात. (दम्याचं दुसरं इंजेक्शन ओमालिझुमॅब वेगळं, ते रक्तातल्या आयजीईला, म्हणजे ॲलर्जीच्या प्रतिपिंडाला धरतं.) 30 मिलिग्रॅमचे पहिले तीन डोस चार-चार आठवड्यांनी, पुढे आठ आठवड्यांनी. आधी पोटात जंत नाहीत ना, हे पाहायला सांगितलंय.

अडचण अशी की औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं आणि आमच्याकडे लाइनचा काही भरवसा नाही बाप्पा. कोणी अमरावती-अकोल्यातच टोचून घेतं का? गोळ्या किती दिवसांत कमी झाल्या? खर्चाला कुठल्या योजनेतून मदत मिळाली का? घेतलेल्यांनीच सांगा जी, काढ्याचे सल्ले नकोत.