दातांच्या तारांतून सुटणारे निकेल : तारा बसवण्यापूर्वी विचारायला हवे की नको?

खाडीकाठ (गुहागर तालुका) :

माझ्या १३ वर्षांच्या मुलीच्या दातांना गेल्या पावसाळ्यात तारा बसवल्या. दुसऱ्याच आठवड्यात तिच्या ओठांच्या कडेने लाल, खाजणारे चट्टे उठले आणि हिरड्या सुजल्या. गणपतीत हौसेने घातलेल्या खोट्या कर्णफुलांनी तिच्या कानाच्या पाळ्या दरवर्षी चिघळतात, हे मला ठाऊक होते; पण त्याचा दातांच्या तारांशी काही संबंध असू शकतो, हे ना मला सुचले, ना दवाखान्यात कोणी विचारले. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पॅच टेस्ट (संशयित पदार्थांच्या पट्ट्या कातडीवर चिकटवून ॲलर्जी शोधण्याची चाचणी) केली, तेव्हा नेमक्या निकेल सल्फेटच्या पट्टीखाली पुरळ उठले. मूळच्या तारा काढून निकेल नसलेल्या, टायटॅनियम-मॉलिब्डेनमच्या तारा घातल्यावर सुमारे तीन आठवड्यांत चट्टे गेले.

त्यानंतर मी या विषयावर जमेल तेवढे वाचले. तार धरून ठेवण्यासाठी दातांवर चिकटवतात ते छोटे तुकडे, म्हणजे ब्रॅकेट, बहुधा ३०४ किंवा ३१६एल प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असतात आणि त्यात साधारण ८ ते १४ टक्के निकेल असते. सुरुवातीच्या महिन्यांत घालतात ती लवचीक तार निकेल-टायटॅनियमची असते आणि तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग निकेलचा असतो. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा आणि त्या तारेवर टायटॅनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. तो शाबूत असेपर्यंत धातू फारसा सुटत नाही. पण आम्ल, मीठ, घासणे आणि चावताना पडणारा ताण यांनी तो जागोजागी फाटतो, पुन्हा धरतो आणि मधल्या वेळात धातूचे आयन, म्हणजे विद्युतभारित सूक्ष्म कण, लाळेत उतरतात.

तारा कोणीही लावू नयेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने अंगावर पुरळ उठते का, एवढा प्रश्न तारा बसवण्यापूर्वी प्रत्येकाला विचारला जावा आणि तोंडात कोणता मिश्रधातू बसवला आहे ते उपचाराच्या कागदावर लिहून मिळावे, ही माझी मागणी आहे. यात कोणाला काही वावगे वाटते का?

सड्यावरचा (रत्नागिरी) :

मला वावगे वाटते, आणि का ते आकड्यांनी सांगतो. पार्क आणि शियरर या संशोधकांनी १९८३ मध्ये प्रयोगशाळेत, मिठाच्या सौम्य द्रावणात, संपूर्ण तोंडाच्या तारांचा संच ठेवून मोजणी केली, तेव्हा दिवसाला सरासरी ४० मायक्रोग्रॅम निकेल आणि ३६ मायक्रोग्रॅम क्रोमियम सुटले. आता आपल्याकडचे काजूगर घ्या. एका ग्रॅम काजूगरात साधारण ५ मायक्रोग्रॅम निकेल असते, म्हणजे पाच-सहा काजूगर तोंडात टाकले की त्या संपूर्ण संचाइतके निकेल पोटात गेले. डाळी, कोको आणि ओट्स यांतही ते असते. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १३ मायक्रोग्रॅम ही सहन होणारी मर्यादा ठरवली. ४० किलोच्या मुलीसाठी ती ५२० मायक्रोग्रॅम होते. यात ४० कुठे बसतात ते आपणच पाहावे.

ओठांच्या कडा तारेच्या घासण्याने, लाळ साचल्याने किंवा जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही लाल होतात. आपल्या मुलीच्या बाबतीत पॅच टेस्ट झाली, म्हणून मी त्यावर वाद घालत नाही. पण गावागावांत ‘तारांतून विष सुटते’ अशी वार्ता एकदा पसरली, की वेडेवाकडे दात घेऊन वाढणाऱ्या मुलांचे आईवडील दवाखान्याची पायरीच चढणार नाहीत. माझ्या वाडीत अशी घरे आहेत, जिथे तारांसाठी पैसे साठवायला दोन आंब्यांचे हंगाम जातात. त्यांच्यासमोर तुम्ही एक नवी भीती ठेवत आहात.

खाडीकाठ :

आपला हिशेब बरोबर आहे, पण तो विषबाधेचा हिशेब आहे आणि मी विषबाधेबद्दल लिहिलेले नाही. एकदा शरीराने निकेलला शत्रू मानले, की पुढचा त्रास केवळ दिवसाच्या एकूण मात्रेवर ठरत नाही. धातू कुठे आणि किती काळ टेकून आहे, यावरही ठरतो. म्हणूनच युरोपीय संघाने १९९४ च्या निर्देशात बहुतेक दागिन्यांसाठी एकूण निकेल किती आहे याऐवजी कातडीला टेकणाऱ्या पृष्ठभागातून दर आठवड्याला किती सुटते यावर बंधन घातले. काजूगर गिळला की गेला. तार मात्र दीड-दोन वर्षे ओठाला टेकून राहते.

किनारा (वेंगुर्ला) :

आमच्या घराच्या स्टीलच्या ग्रिलवर खाऱ्या वाऱ्याने दोन वर्षांत तांबूस ठिपके पडले. ‘गंजत नाही’ म्हणून घेतलेले स्टील जर अंगणात गंजते, तर लाळेत दिवसरात्र भिजणाऱ्या तारेचे काय होत असेल? शिवाय निकेल आणि क्रोमियम कर्करोग घडवतात, असेही वाचले आहे. असे असताना मुलांच्या तोंडात धातू घालायचाच कशाला?

दंतवैद्य, कुडाळ परिसर :

मी २० वर्षे तारा बसवत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ग्रिलचे उदाहरण नेमके आहे. मिठातील क्लोराइड त्या ऑक्साइडच्या थराला सुईच्या टोकाएवढी भोके पाडते आणि तोंडातही तीच क्रिया होते. मात्र घरांचे ग्रिल बहुधा ३०४ किंवा त्याहून हलक्या प्रतीचे असते. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते क्लोराइडला अधिक टिकते, आणि म्हणूनच ते समुद्रावरच्या कामांतही वापरतात. मला अधिक चिंता वाटते ती पुन्हा साफ करून दुसऱ्यांदा वापरलेल्या ब्रॅकेटची आणि चांदीच्या डाखाने जोडलेल्या भागांची, कारण तिथून धातू जास्त सुटतो. असे वापरलेले ब्रॅकेट स्वस्तात विकले जातात, आणि पालकांनी याबद्दल जरूर विचारावे.

कर्करोगाबद्दल बोलताना जपून बोलायला हवे. निकेलच्या संयुगांचा आणि सहा-संयुजी क्रोमियमचा ठपका मुख्यतः कारखान्यांत त्यांची धूळ आणि वाफ वर्षानुवर्षे श्वासात घेणाऱ्या कामगारांवरून ठरला आहे. स्टीलमधून सुटणारे क्रोमियम प्रामुख्याने तीन-संयुजी, म्हणजे त्याच धातूच्या वेगळ्या रासायनिक रूपातले असते, आणि ती वेगळी गोष्ट आहे. शिवाय धातू सुटण्याचे प्रमाण पहिल्या काही आठवड्यांत जास्त असते आणि नंतर उतरत जाते.

आपल्या भागासाठी एक गोष्ट सांगतो. आमसुलाच्या आगळात आम्लही असते आणि मीठही, म्हणजे तारेला न मानवणाऱ्या दोन्ही गोष्टी एकत्र. मी कोणालाही सोलकढी सोडायला सांगत नाही. फक्त प्याल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायला सांगतो. तीव्र आम्लधर्मी फ्लोराइड जेल टायटॅनियमचा थर खाते, म्हणून निकेल-टायटॅनियमची तार असताना ते मी टाळतो. रोजची फ्लोराइडची टूथपेस्ट मात्र कोणीही बंद करू नये, कारण ब्रॅकेटभोवती पडणारे पांढरे डाग आणि कीड यांचा धोका निकेलपेक्षा कितीतरी पटींनी खरा आहे.

आता मूळ मागणीबद्दल. खोट्या दागिन्यांनी पुरळ उठते का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि आमच्यापैकी अनेकजण तो विचारत नाहीत हेही खरे आहे. पण सगळ्यांची सरसकट पॅच टेस्ट करण्याला माझा विरोध आहे, कारण तोंडातील अस्तर कातडीपेक्षा कमी संवेदनशील असते आणि पाठीवर पुरळ उठलेल्या कित्येकांना तारा विनातक्रार सोसतात. कान टोचण्याआधी तारा लागलेल्या मुलींत निकेलची ॲलर्जी कमी आढळते, असेही युरोपातील पाहण्यांत दिसले आहे. पण आपल्याकडे कान तान्हेपणीच टोचतात, तेव्हा तो लाभ आपण गृहीत धरू शकत नाही.

सड्यावरचा :

डॉक्टरसाहेब, विचारण्यापुरते मी मान्य करतो. पण मिश्रधातू कागदावर लिहून देण्याचा आग्रह छोट्या दवाखान्यांना कसा पेलवेल? पुरवठादाराच्या पाकिटावर नुसता माप-क्रमांक असेल, तर ते काय लिहिणार?

खाडीकाठ :

पाकिटावर धातू लिहिलेला नसेल, तर मुलांच्या तोंडात काय बसते आहे ते बसवणाऱ्यालाही ठाऊक नाही, असा त्याचा अर्थ होतो, आणि माझ्या मागणीला याहून मोठे कारण नाही. सरसकट पॅच टेस्ट मीही मागितलेली नाही. माझ्या मुलीचे ब्रॅकेट स्टीलचेच ठेवले आहेत, कारण स्टीलमध्ये निकेल घट्ट बांधलेले असते आणि तिला ते सोसते आहे. बदलल्या त्या फक्त तारा. टायटॅनियम-मॉलिब्डेनमची तार पृष्ठभागाला खरबरीत असल्याने ब्रॅकेटमधून कमी सरकते, त्यामुळे दातांमधल्या फटी मिटायला जास्त दिवस लागतील, असे आम्हाला आधीच सांगितले गेले आणि आम्ही ते समजून पत्करले. या वेळी तारेचे नाव तिच्या कागदावर लिहून घेतले आहे. उद्या ती शिकायला मुंबईला गेली आणि तिथे दुसऱ्या डॉक्टरांकडे तार बदलायची वेळ आली, तर तो कागद तिच्यासोबत असेल.