टक्केवारीसोबत प्रकारही बघा

रेटिनॉलच्या (त्वचेसाठी वापरतात ते व्हिटॅमिन ए) सीरममध्ये त्याची टक्केवारी कमी असली की सीरम सौम्यच, असं काहीजण म्हणतात. बऱ्याच अंशी पटतं, पण बाटलीवर व्हिटॅमिन ए चा कोणता प्रकार लिहिलाय तेही वाचा. रेटिनिल पामिटेट हा त्यातलाच एक प्रकार; त्याचं त्वचेत आधी रेटिनॉल, मग रेटिनाल्डिहाइड आणि शेवटी रेटिनॉइक ॲसिड होतं. खरं काम करतं ते हे शेवटचं. पायऱ्या जास्त तितका परिणाम मंद, आणि जळजळही कमी. त्यामुळे ०.३ टक्के रेटिनॉल आणि ०.३ टक्के पामिटेट यांची तुलनाच होत नाही.

साठीनंतर आईची त्वचा फार कोरडी झाली. सीरम लावलं की नाकाच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यांत लगेच सालं निघायची. तिथे आधी पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवून मग सीरम लावायला लागल्यापासून ते थांबलं. आणि पारदर्शक बाटली टाळाच. उजेडाने, हवेने रेटिनॉल लवकर खराब होतं.